सात नंबरच्या कव्हरातले कोरे कागद

१

सात नंबरचं कव्हर जागेवर होतं. दोरी बांधलेली, वर माझ्याच अक्षरात आकडा. आत मात्र एकोणीस कोरे कागद होते.

मी ते उलटेसुलटे करून पाहिले, झटकून पाहिले, उजेडापुढे धरून पाहिले. कोरे म्हणजे कोरे. बावीस वर्षं या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. लोक मला मागून किल्लीबाई म्हणतात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. आणि माझ्याच कपाटातून, कुलूप शाबूत असताना, एका पोरीचा सगळा अर्ज नाहीसा झाला होता.

आमची संस्था खेड्यांतल्या गरीब घरच्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. वर्षाला फक्त बारा. अर्ज शंभराच्या वर येतात, छाननीत तीसेक उरतात. मग आमचा माणूस त्यांच्या घरी जातो, घर बघतो, फोटो काढतो, अहवाल लिहितो. शेवटी समिती बसते. वर्षातून एकदाच. यंदाची बैठक त्याच दिवशी दुपारी तीनला होती.

सात नंबरची मुलगी डोंगरापलीकडच्या एका वस्तीवरची. बाप चुन्याच्या भट्टीवर मजूर. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि कॉलेजात तिचा नंबर लागलाही होता, पण जागा राखून होती ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतच. तिच्या अर्जातली एक ओळ मला पाठ झाली होती: ‘माझी मोठी बहीणही एक वर्ष थांबणार होती, ती आता भट्टीवर टोपल्या उचलते.’ आता कागदच नाहीत म्हटल्यावर ही पण थांबणार. थांबणं म्हणजे काय, ते आमच्या कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी शिपाईदादांच्या नावाने शंख करायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला, “ओरडू नका. आधी मला काल संध्याकाळचं सांगा.”

बाई आल्या होत्या. शाळांच्या निवृत्त तपासणीस, वय बहात्तर, आमच्या समितीच्या सदस्य. बाकीचे सदस्य तीनच्या बैठकीला सव्वातीनला येतात. बाई सकाळीच येऊन एकूण एक फाइल वाचतात. चाळीस वर्षं मास्तरांच्या थापा ऐकून त्यांचे कान तयार झाले आहेत.

मी सांगितलं. काल चार वाजता सगळ्या फायली बाहेर काढल्या. साडेपाचला मी स्वतः एकतीस कव्हरं मोजली, कुलूप लावलं, किल्ली घरी नेली.

“कव्हरं मोजलीत. आतलं नाही बघितलं.”

“नाही,” मी म्हटलं. लाज वाटली.

“म्हणजे कागद बदलले ते चार ते साडेपाचच्या मधे. तेव्हा फायलींना हात कुणाचे लागले?”

चौघांचे. पहिले पाहणीसाहेब, घरभेटीला जाणारे, ते आपले अहवाल लावायला आले होते. दुसरे भाचेसाहेब, संस्थापकांचे भाचे आणि समितीचे सदस्य. ते ‘सहज’ आले होते. हा माणूस सहज कुठेच जात नाही. तिसरे शिपाईदादा, त्यांनी गठ्ठे कपाटात ठेवले. चौथी धाकटी, आमची टायपिस्ट, हंगामी, वर्षापूर्वी लागलेली. कामाला चोख, बोलायला मुकी. तिने बैठकीची यादी टाइप केली. तिला एक खोड आहे, आपल्या प्रत्येक वस्तूवर तांबड्या रंगाचा ठिपका काढायची. डब्याच्या बुडाला, छत्रीच्या दांड्याला, अगदी कात्रीलासुद्धा. मी एकदा म्हटलंही होतं, “अगं, तुझा डबा पळवून कोण नेणार आहे? आधी भाजीत मीठ घालत जा.” ती नुसती हसली होती.

“आणि पाचवी मी,” मी म्हटलं. “माझंही नाव घ्या. किल्ली माझ्याकडे होती.”

“तुम्ही नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही असता तर कोऱ्या कागदांवरसुद्धा आवक-जावकचे शिक्के मारले असते.”

मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “भाचेसाहेबांना बोलवा.”

२

माझं मत तेव्हाच ठरलं होतं, खोटं कशाला बोलू? भाचेसाहेबांच्या ड्रायव्हरची मुलगी बारा नंबरला होती आणि गुणांत ती सातच्या खालोखाल. सात गेली की बारा वर. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

भाचेसाहेब आले ते चिडूनच. “माझ्यावर संशय? या संस्थेची वीट न् वीट माझ्या मामांनी—”

“विटा जागेवर आहेत,” बाई शांतपणे म्हणाल्या. “कागद नाहीत. काल तुम्ही फायलींपाशी काय करत होतात?”

“बारा नंबरचा फोटो नीट चिकटवलाय का, ते पाहत होतो.”

“आणि सात?”

“सातला मी हात कशाला लावू? तिचं काय होणार ते मला काल तीन वाजताच कळलं होतं. पाहणीसाहेबांनी चहा पिताना सांगितलं. तिला काढायला मला चोरी करायची गरजच नव्हती, बाई. विचारा त्यांनाच.”

आता हे नवीनच. मला तर कुणी काही सांगितलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

पाहणीसाहेब आले. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात मोठा फोन. वाईट नाही हो, पण आपण फार हुशार आहोत असं त्याला सारखं वाटतं. चोरीचं ऐकून तो खरोखर हळहळला.

“माझे चार तासांचे कष्ट होते त्यात,” तो म्हणाला. “पण बाई, तुम्ही उगाच धावपळ करताय. ती फाइल सापडली काय, न सापडली काय. ती मुलगी आज कायमची बाद होणार होती.”

३

“कायमची?” बाईंचा आवाज खाली गेला. त्यांचा आवाज खाली गेला की जपून राहावं.

“नियम नऊ. खोटी माहिती दिली तर अर्जदार कायमचा बाद, पुन्हा कधी अर्ज करायचा नाही. बापाने अर्जात लिहिलंय, घरात काही नाही. मी गेलो तर काय? हातांची छान लाकडी खुर्ची. भिंतीवर घड्याळ. काचेचे सोनेरी काठाचे कप. जमिनीवर सतरंजी. मी सरळ विचारलं, हे सगळं तुमचंच ना? बाप म्हणाला, हो. मी अहवालात शेरा मारला, ‘वडिलांनी परिस्थितीबद्दल खोटं सांगितलं.’ मी काय माझ्या पदरचं लिहिलं? दिसलं ते लिहिलं.”

तो बाहेर गेल्यावर मी खुर्चीत बसलेच. त्या मुलीच्या अर्जातली ती ओळ मला खरी वाटली होती. बावीस वर्षांत मी बरेच खोटे अर्ज पाहिलेत, पण ही पोर खोटी निघेल असं मनात आलं नव्हतं. मला राग आला, आणि वाईटही वाटलं.

“काय गंमत आहे बघा,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर गंमत कुठेच नव्हती. “फाइल राहिली असती तर मुलगी बाद. गेली तरी यंदा तिला मिळत नाही. मग चोराने मिळवलं काय?”

शिपाईदादांनाही विचारून झालं. ते सारखे दाराकडे बघत होते, तेव्हा मला वाटलं, खाई त्याला खवखवे. पण निघालं भलतंच. काल पाच वाजता ते फायली तशाच टेबलावर टाकून अर्धा तास नातीला दवाखान्यात घेऊन गेले होते आणि आपली नोकरी जाईल या धास्तीत होते. “देवाशपथ, ताई, मी कागदाला हात लावला नाही. मला त्यातलं कळतं तरी काय?” बाईंनी त्यांना नातीचा ताप उतरला का विचारलं आणि सोडून दिलं.

मग त्या एकोणीस कोरे कागद पुढ्यात घेऊन बसल्या.

“मूळ फाइलमध्ये पानं किती होती?”

मी यादी पाहिली. “एकोणीस.”

“फाइल फुगीर दिसावी म्हणून चोर हाताला येईल तो गठ्ठा कोंबतो. याने मोजून घातले. नीटनेटका माणूस आहे.” त्यांनी कागदांची कड सारखी केली. “कागद कार्यालयाकडूनच हरवले तर अर्जाचं काय करायचं, याला काही नियम आहे का?”

“कागद नाहीत तर निर्णय नाही. सोपं आहे.”

“निर्णय नाही, की नापास?”

मी नियमांचं पुस्तक काढलं. कोण वाचतं ते? चौदावा नियम शोधायला मला दोन वेळा पानं उलटावी लागली. संस्थेच्या हातून कागद गहाळ झाल्यास अर्जदाराला बाद करू नये. अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवावा.

“म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत,” बाई म्हणाल्या. “कायमची बाद होणारी मुलगी या चोरीमुळे वाचली. एक वर्ष जाईल, पण दार उघडं राहील. आपण मघापासून मुलीचा शत्रू शोधतोय. हे मुलीच्या माणसाचं काम आहे. आणि त्या माणसाला चौदावा नियम ठाऊक आहे.”

“तो नियम मलाच ठाऊक नव्हता,” मी म्हटलं. आणि बोलता बोलता माझी जीभ थांबली. हे पुस्तक गेल्या पावसाळ्यात पूर्ण नव्याने टाइप करून घेतलं होतं. एका बोटाने नव्हे, दहा बोटांनी, एकही चूक न करता.

४

मी पुस्तक मिटून ठेवलं. एवढ्यावरून एखाद्या पोरीवर आळ घ्यायचा? बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी पाहणीसाहेबांना परत बोलावलं.

“फोटो तुमच्या फोनमध्ये असतील.”

होते. खोली लहान, छप्पर पत्र्याचं, पण मधोमध खरंच एक देखणी खुर्ची. बाई फोन नाकाशी धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“जमीन मातीची आहे,” त्या म्हणाल्या. “रोज कुणी या खुर्चीत बसत असतं तर पायांखाली चार खळगे पडले असते. इथे जमीन सपाट आहे. तुम्ही गेलात तेव्हा घरातलं कोण बसलं होतं या खुर्चीत?”

“कोणीच नाही. मीच बसलो. ते सगळे उभे होते.”

“सतरंजीवर?”

“नाही, कडेला.”

“आणि सोनेरी काठाच्या कपातून चहा कोण प्यायलं?”

पाहणीसाहेबांना आता घाम फुटला. “मी.”

“घरातल्यांनी?”

“त्यांनी... नाही. ते म्हणाले, आमचा झाला.”

बाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. “आता इकडे बघा. घड्याळाच्या कडेला हिरवा ठिपका. कपाच्या कानाखाली पांढरा. सतरंजीच्या कोपऱ्याला निळा दोरा. आपल्या घरातच राहणाऱ्या वस्तूला कुणी खूण करत नाही हो. खूण करतात ती बाहेर जाणाऱ्या वस्तूला, परत येताना ओळखू यावी म्हणून. पाहुणा येणार म्हटल्यावर त्या वस्तीने एका घराचं घड्याळ आणलं, दुसऱ्याचे कप, तिसऱ्याची सतरंजी. तिथली ती रीतच असणार. तुम्हाला उभं ठेवायला नको, फुटक्या कपात चहा द्यायला नको म्हणून. आणि तुम्ही बापाला विचारलंत, हे तुमचंच ना? मागून आणलेल्या खुर्चीत बसलेल्या पाहुण्याला तो काय सांगणार होता?”

पाहणीसाहेब वाकून त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

“खुर्चीला खूण नाही का कुठे?” मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. चूपच बसायला हवं होतं.

बाईंनी फोटो सरकवला. खुर्चीच्या मागच्या पायावर, अगदी खाली, एक ठिपका होता. तांबडा.

तो ठिपका मी वर्षभर रोज दुपारी, जेवायच्या टेबलावर, डब्याच्या बुडाला बघत आले होते.

५

“त्या वस्तीवरून यापूर्वी कधी अर्ज आला होता?” बाईंनी विचारलं.

जुनी नोंदवही काढली. बावीस वर्षांत त्या वस्तीवरून एकच अर्ज होता, नऊ वर्षांपूर्वीचा, मुलीचा. पुढे शेरा, नामंजूर. आणि नाव, आडनावासकट, धाकटीचं.

तिने नोकरीच्या अर्जात शहरातल्या मावशीचा पत्ता दिला होता. वस्तीचा उल्लेख नाही. आमचा नियम आहे, ज्या गावचा अर्ज आला त्या गावच्या कर्मचाऱ्याने तसं सांगावं आणि तो हंगाम संपेपर्यंत कामापासून दूर राहावं. कायमच्या माणसाला त्याचं काही नाही, घरी बसून पगार मिळतो. हंगामी पोरीला दूर राहा म्हणजे उपाशी राहा.

“नामंजूर झालेल्या जुन्या फायली कुठे असतात?”

“मागच्या खोलीत. तिथे कुणी फिरकत नाही.”

मी आणि बाई गेलो. खोलीभर धूळ, फायलींच्या चळतींवर बोटभर. त्या वर्षाची चळत खालच्या फळीवर होती. वरची सगळी कव्हरं राखाडी दिसत होती. मधलं एक तेवढं कुणीतरी ताजं पुसलेलं.

मी ते उघडलं. आत सात नंबरची एकोणीसच्या एकोणीस पानं होती, सुरकुतीही न पडलेली. आपल्या स्वतःच्या नामंजूर अर्जाच्या कव्हरात तिने ती जपून ठेवली होती. मला आधी हायसं वाटलं. बैठकीला अजून दोन तास होते. फाइल मिळाली, खरं काय ते कळलं, आता मुलीचं वर्ष वाचेल!

“बाई, सापडली की हो!”

बाई एकोणीस पानांखालचं विसावं पान वाचत होत्या, धाकटीच्या घरभेटीचा जुना अहवाल. चार ओळींचा. ‘घर नीटनेटके. भिंतीवर घड्याळ आहे. काचेच्या कपातून चहा दिला. परिस्थिती बरी वाटते, मदतीची गरज नाही.’

आणि खाली सही. ती सही मी ओळखते, दरवर्षी बैठकीच्या इतिवृत्तावर घेते.

“त्या वर्षी पाहणीला मी गेले होते,” बाई म्हणाल्या. “घड्याळ आठवतंय मला. मी त्या मुलीच्या आईला म्हटलं होतं, किती छान ठेवलंय हो घर.”

त्या तिथेच, धुळीच्या फळीला धरून, उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या मला म्हाताऱ्या दिसल्या.

६

धाकटीने काही नाकारलं नाही. आम्ही टायपिंगच्या खोलीत गेलो तेव्हा तिने आमच्या हातातलं कव्हर पाहिलं आणि उठून उभी राहिली.

“परवा अहवालाचा गोषवारा टाइप करायला आला,” ती म्हणाली. “त्यात खुर्ची वाचली. फोटो बघितला तर माझ्या आईची खुर्ची. मी पहिल्या पगारातून घेतलेली. वस्तीत कुणाकडेही पाहुणा आला की ती नेतात, आईला त्याचं कोण कौतुक. आणि त्याच खुर्चीपायी त्या मुलीवर कायमचा शिक्का बसणार.”

“मग तोंडाने सांगायचंस ना, गधडे!” मला राहवलं नाही. “मी काय खाल्लं असतं तुला?”

“ताई, काय सांगणार होते? मी त्याच वस्तीवरची आहे म्हणून? वर्षभर लपवलं म्हणून? मग माझं म्हणणं कुणी खरं मानलं असतं? सगळे म्हणाले असते, गावची म्हणून हिने बाजू घेतली.” तिचा आवाज फुटला. “वर्ष जाईल तिचं, ते मला कळत होतं. पण नवव्या नियमाचा शिक्का पुसता येत नाही. तो नियम टाइप करताना मी तीनदा वाचलाय. मला दुसरं काही सुचलं नाही हो.”

बाई तिच्यासमोर आल्या. त्यांनी आपला जुना अहवाल टेबलावर ठेवला.

“ही सही माझी आहे. तुला ठाऊक होतं?”

“हो, बाई.”

“वर्षभर मला चहा आणून देत होतीस.”

धाकटी खाली बघत म्हणाली, “तुम्ही तेव्हा चांगलं बोलला होता आमच्याशी. आईला अजून आठवतं.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, मी काही दगडाची नाही.

“मी तुझं वाटोळं केलं, मुली,” बाई म्हणाल्या. “घर न बघता वस्तू बघितल्या. त्याची भरपाई माझ्याच्याने होणार नाही. पण ही दुसरी मुलगी आज सुटेल. त्यासाठी मला समितीपुढे सगळं सांगावं लागेल. तुझंही.”

“सांगा,” धाकटी म्हणाली.

७

बैठकीत मी इतिवृत्त लिहायला बसले होते, त्यामुळे सगळं ऐकलं. बाईंनी आधी आपलाच जुना अहवाल मोठ्याने वाचला. मग फोटो दाखवला, ठिपके दाखवले, खळगे नसलेली जमीन दाखवली. भाचेसाहेब म्हणाले, “पण बाप हो म्हणाला ना? खोटं ते खोटं.” बाई म्हणाल्या, “तुमच्या घरी पाहुणा जेवत असताना त्याने विचारलं, हे ताट उसनं आणलंय का, तर तुम्ही काय सांगाल?” भाचेसाहेब पुटपुटत पुढची फाइल चाळू लागले. अध्यक्षांनी सात नंबर मंजूर केला. एकमताने, भाचेसाहेबांसकट.

पुढचा ठराव धाकटीचा होता. गाव लपवलं, कागद काढले. उद्यापासून कामावरून कमी. बाई तिच्यासाठी पुष्कळ बोलल्या, पण नियमात ते बसत नव्हतं. मला तो ठराव माझ्या हाताने लिहावा लागला. लेखणी मोडून फेकावी असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप आणि मुलगी सहीला आले. बाप उंच, वाळलेला, हातांवर चुन्याने भाजल्याचे डाग. मुलीने टेबलावरचे सगळे कागद ओळ न ओळ वाचून काढले. मी म्हटलं, “वाचतेस काय एवढं? मंजूर झालंय बाई तुझं!” तिने घरभेटीच्या अहवालावर बोट ठेवलं.

“इथे लिहिलंय, माझे वडील खोटं बोलले. हे आधी खोडा. मग ते सही करतील.”

बाप म्हणाला, “असू दे गं.”

“नाही असू देणार, बाबा.”

पाहणीसाहेब कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, पेन काढलं, ती ओळ खोडली आणि बाजूला स्वतःची सही केली. मग बापासमोर हात जोडून म्हणाले, “चुकलो, काका. मला बघताच आलं नाही.” आम्ही कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं.

बापाने पेन हातात घेतलं. तेवढ्यात धाकटी टेबलाचा खण रिकामा करून, पिशवी घेऊन बाहेर आली. बाप तिला बघून उभाच राहिला. “तू? तू इथे कामाला?”

शिपाईदादांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, खुर्चीचं, कागदांचं, नोकरी गेल्याचं. मी डोळे वटारले, पण बोलून गेलेलं थोडंच परत येतं?

बापाने पेन टेबलावर ठेवलं. “असं असेल तर आम्हाला नको. आमच्या घरच्या पाहुण्यापायी तुझी भाकरी गेली. तुझ्या आईला मी कुठल्या तोंडाने भेटू?” तो मुलीला म्हणाला, “चल.”

मुलीचं तोंड पांढरंफटक पडलं, पण ती उठली. बाई खिडकीपासून दोन पावलं पुढे आल्या.

धाकटीने पिशवी खाली ठेवली. “काका, बसा. मला टायपिंग येतं, मला दुसरं काम मिळेल. पण इथे सही करायची संधी मला मिळाली नाही. माझे बाबा आमच्या दाराशी दोन महिने पोस्टमनची वाट बघत बसायचे. तुम्ही आता हात मागे घेतलात, तर माझी नोकरी गेली ती गेलीच, वर हिचं वर्षही गेलं. मग मी घालवली कशासाठी?”

मग बाप बसला. एकेक अक्षर जोडत त्याने सही केली, आणि आम्ही सगळे ती पुरी होईपर्यंत थांबलो.

सव्वाअकरा वाजले होते. कॉलेज एसटीने सहा तासांच्या वाटेवर, आणि तिथली खिडकी पाचला बंद होणार. मुलगी अजून धाकटीकडे बघतच उभी. तेवढ्यात बाईंनी आपली पर्स उचलली आणि म्हणाल्या, “माझी गाडी खाली आहे. चार तासांत पोचू. मी येते बरोबर, मला कुठे दुसरं काम आहे?”

मी त्या मुलीच्या हातात कागद कोंबले.

“उभी काय राहिलीस गं?” मी ओरडले. “पळ!”

ती पळाली.